लाटसाहेब म्हणजे भाकरी राखणारा : जुन्या इंग्रजीतले राखणदार

सुमेधा_वाई

आमच्या वाईच्या घरात कोठीची किल्ली आजीच्या कनवटीला असायची. घरात शब्द चालायचा आजोबांचा, पण ज्वारी मोजून बाहेर यायची ती आजीच्या हातून. कोणी एखाद्या गड्यावर आवाज चढवला तर ती म्हणायची, "तो आपल्या घरचं अन्न खातो, त्याला असं बोलायचं नाही."

हे आठवायला कारण एक शब्द. मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आणि 'लॉर्ड' म्हणजे स्वामी, मालक, असं फळ्यावर लिहीत आले. निवृत्तीनंतर जुनी इंग्रजी शिकायला घेतली. जुनी म्हणजे १०६६ साली नॉर्मन लोक इंग्लंडात यायच्या आधीची. तिथे लॉर्डचं मूळ रूप सापडलं : ह्लाफवेआर्द. 'ह्लाफ' म्हणजे भाकरी, पाव, आजच्या लोफचा पूर्वज. 'वेआर्द' म्हणजे राखणारा. बोलता बोलता झिजत त्याचं ह्लाफोर्द झालं आणि पुढे लॉर्ड. आपल्याकडे येऊन त्याचा 'लाट' झाला. "मोठा लाटसाहेब लागून गेलास का?" असं आपण पोरांना दटावतो तेव्हा आपल्या तोंडात भाकरी राखणाऱ्याचं नाव असतं.

लेडी तर त्याहून सुंदर आहे. मूळ शब्द ह्लॅव्हदिये, भाकरीचं पीठ मळणारी. यातल्या मळणारीला सुटा शब्द होता 'दॅये'. घरात राबणारी, पीठ मळणारी बाई. पुढे तिच्याकडे दूधदुभतं आलं, तिच्या कामाच्या जागेला फ्रेंच शेपूट जोडलं गेलं आणि शब्द झाला डेअरी. म्हणजे कोपऱ्यावरच्या डेअरीत आणि लेडीत एकच बाई बसली आहे. हिचं नातं आपल्यापर्यंत पोचतं. मळणे, लिंपणे या अर्थाच्या ज्या आद्य धातूपासून हे शब्द आले, त्याचंच संस्कृत रूप दिह्, आणि त्यापासून आपला 'देह'. मातीसारखा लिंपून घडवलेला.

आता तिसरा शब्द, ज्याने मी हलले. केंटचा राजा एथेलबर्ट याचे कायदे साधारण इ. स. ६०० चे, इंग्रजी भाषेत लिहिलेले सगळ्यात जुने. त्यात एक कलम आहे : स्वतंत्र शेतकऱ्याच्या 'ह्लाफॅता'ला कोणी ठार मारलं तर सहा शिलिंग भरपाई. ह्लाफॅता म्हणजे भाकरी खाणारा. नोकर म्हटलं नाही, चाकर म्हटलं नाही. ज्या घरात एक भाकरी राखतो, एक मळते, तिथे तिसरा ती खातो, आणि या खाण्यावरूनच त्याची कायद्यात ओळख आहे. आजीचं वाक्य मला चौदाशे वर्षांपूर्वीच्या कायद्यात भेटलं.

असे राखणदारांचे शब्द आणखी पुष्कळ आहेत. स्टुअर्ड, शेरीफ, शेफर्ड, वॉर्डन. ज्यांना यातलं काही ठाऊक आहे, किंवा ज्यांनी घरात यातलं एखादं काम पाहिलं आहे, त्यांनी लिहावं.

मिरामारचा_महेश

सुमेधाताई, स्टुअर्डवर मी लिहितो, कारण माझे वडील स्टुअर्ड होते. गोव्याच्या कितीतरी घरांतली माणसं ब्रिटिश जहाजांवर स्टुअर्ड म्हणून गेली, त्यांतले ते एक. नऊ नऊ महिने घरी नसायचे. आल्यावर आईने टेबलावर ताट ठेवलं की ते आधी त्याची कड रुमालाने पुसायचे आणि मग तिच्यापुढे सरकवायचे. स्वतःचं ताट शेवटी.

शब्दाचं मूळ स्तीवेआर्द. 'स्ती' किंवा 'स्तीग' म्हणजे घर, मोठं दालन. डुकरांच्या खुराड्याला इंग्रजीत जो शब्द आहे तो याच कुळातला, म्हणून काही जण स्टुअर्डला डुकरं राखणारा ठरवून मोकळे होतात. पण शब्दाच्या सगळ्या जुन्या खुणा दालनाकडेच जातात. मालकाच्या दालनात कोण कुठे बसेल, काय वाढलं जाईल, हे पाहणारा तो स्तीवेआर्द.

याच कामावरून एक राजघराणं उभं राहिलं. स्कॉटलंडच्या राजाकडे हाय स्टुअर्ड हे वंशपरंपरागत पद होतं. त्या घरातल्या वॉल्टरने १३१५ साली राजा रॉबर्ट ब्रूसच्या मुलीशी, मार्जरीशी लग्न केलं. त्यांचा मुलगा १३७१ साली दुसरा रॉबर्ट म्हणून गादीवर बसला. कामाचं नाव घराण्याचं झालं आणि १६०३ साली तेच स्टुअर्ट घराणं लंडनच्याही गादीवर आलं. आजसुद्धा ब्रिटिश राजाच्या थोरल्या मुलाच्या पदव्यांमध्ये 'ग्रेट स्टुअर्ड ऑफ स्कॉटलंड' ही एक आहे. वडील हयात असताना मला हे माहीत नव्हतं. त्यांना सांगायला फार आवडलं असतं.

क्रिकेटवेडा_नितीन

इंग्लंडचा ॲलेक स्टुअर्ट! १३३ कसोट्या, त्यातल्या कितीतरी यष्टींमागे. कीपरच्या आडनावातच कीपर. आणि त्याच जागेवर पुढे जॉस बटलर आला. बटलर म्हणजे बाटल्यांचा राखणदार ना? मार्शलचं काय? माल्कम मार्शल माझा देव आहे, म्हणून विचारतो.

सुमेधा_वाई

नितीन, बरोबर. बटलर मात्र जुन्या इंग्रजीतला नाही, तो नॉर्मनांबरोबर फ्रेंचमधून आला. बाटल्या आणि मद्याचं कोठार त्याच्या ताब्यात. मार्शल मूळचा जर्मन कुळातला, फ्रेंचमधून फिरून इंग्रजीत आला. पहिला भाग घोडा, आजच्या 'मेअर'चा, म्हणजे घोडीचा भाऊबंद. दुसरा भाग 'शाल्क', म्हणजे चाकर. घोड्यांचा चाकर. राजाचे घोडे सांभाळता सांभाळता तो सेनेचा अधिकारी झाला. कॉन्स्टेबलही तबेल्यातूनच निघाला, लॅटिनमध्ये तो तबेल्याचा सरदार. नाक्यावरचा कॉन्स्टेबल आणि विधानसभेत आमदारांना उचलून बाहेर नेणारे मार्शल, दोघांची सुरुवात एका पागेत आहे.

महेश, वडिलांबद्दल लिहिलंत, खूप बरं वाटलं.

जुनी_कागदपत्रं

मी मध्ययुगीन शेतीव्यवस्थेचा विद्यार्थी. या धाग्यावर एका दस्तऐवजाबद्दल लिहायलाच हवं. त्याचं लॅटिन नाव 'रेक्टिट्युडिनेस सिंग्युलारम पर्सोनारम', म्हणजे ज्याचे त्याचे हक्क आणि कर्तव्यं. मजकूर मात्र जुन्या इंग्रजीत, सुमारे हजार वर्षांपूर्वीचा. एका जहागिरीवर कोण काय काम करतो आणि त्याबद्दल त्याला काय मिळायला हवं, हे त्यात एकेक करून सांगितलं आहे. राखणदारांची एवढी भरलेली यादी मी दुसरीकडे पाहिली नाही.

मेंढपाळ, त्याला शब्द 'शेआपहुर्दे', आजचा शेफर्ड. 'हुर्दे' म्हणजे कळप राखणारा. त्याला ऐन हिवाळ्यात बारा रात्रींचं लेंडीखत, वर्षाच्या कोकरांतलं एक कोकरू, घंटा बांधलेल्या म्होरक्या मेंढ्याची लोकर, विषुवदिनानंतर सात रात्री कळपाचं दूध आणि उन्हाळाभर वाडगाभर निवळी किंवा ताक. बारा रात्रींचं खत म्हणजे काय, हे मेंढरं रानात बसवणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगायला नको.

गुराख्याला जुनी गाय व्याली की सात दिवसांचं दूध, आणि पहिलटकरीण गाय असेल तर चौदा रात्री चीक. आपल्याकडे त्याचा खरवस होतो. त्याची स्वतःची गाय मालकाच्या गाईंबरोबर चरायची. बैलराख्यालाही मालकाच्या कळपाबरोबर आपले दोन बैल चारायची मुभा होती. चीज करणारीला शंभर चीज देणं होतं, मालकाच्या ताटासाठी लोणी काढणं होतं, आणि मेंढपाळाचा वाटा सोडून उरलेलं सगळं ताक तिचं.

रानराख्या म्हणजे 'वुदुवेआर्द', आजचं वुडवर्ड आडनाव. वाऱ्याने आडवं झालेलं प्रत्येक झाड त्याचं. पेरणाऱ्याने वर्षाची पेरणी नीट पार पाडली तर प्रत्येक जातीच्या बियाण्याची एकेक टोपली त्याची. कोठारवाला, 'बेरेब्रुत्ता', म्हणजे जव वाटणारा. सुगीत कोठाराच्या दाराशी सांडलेले दाणे त्याचे, पण कारभाऱ्याने परवानगी दिली तर आणि त्याचं काम तसं असेल तर. यातला 'ब्रुत्ता' हा वाटणारा जुन्या काव्यात राजालाही लावतात : कडी वाटणारा, संपत्ती वाटणारा. कोठारवाल्याला आणि राजाला एकच शब्द. आपल्या कोठावळ्यांनी हे वाचावं.

आता ज्यासाठी मी लिहायला बसलो तो माणूस. हेवर्ड. आडनाव ऐकलं असेल. लोकांना वाटतं, 'हे' म्हणजे वाळलं गवत. तसं नाही. यातला पहिला शब्द कुंपणाचा, आजच्या 'हेज'चा सख्खा. गावाची पिकं उघड्या रानात, शेजारी कुरण, मध्ये कुंपण. गुरं कुंपण मोडून पिकात शिरू नयेत, हे पाहणारा तो हेवर्ड. दस्तऐवज सांगतो की त्याला मोबदल्यात जी जमीन द्यायची ती कुरणाच्या काठाला द्यावी. का? त्याने हयगय केली आणि गुरं आत शिरली, तर आधी त्याचंच शेत तुडवलं जाईल.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा नकाशा काढून पाहिला. कुरण, कुंपण, कुंपणाला लागून एक अरुंद पट्टी, आणि तिच्या पलीकडे साऱ्या गावाचं पीक. त्या पट्टीवर झोपडी असलेला माणूस रात्री खुरांचा आवाज ऐकून झोपून राहील का? दंड न लावता, जमीन कुठे द्यायची एवढ्यावरच त्याचं काम पक्कं केलं आहे.

राधा_पंढरपूर

सर, हे वाचून मी उठून वडिलांना वाचून दाखवलं. आमची जमीन गायरानाला लागून आहे. ते एवढंच म्हणाले, "बरोबर आहे. काठावरचा जागाच असतो."

गावातला_मास्तर

गुरं पिकात शिरली की पुढे काय? कोंडवाडा. इंग्लंडातही तेच. भटकी गुरं कोंडायच्या दगडी वाड्याचा राखणदार म्हणजे पिंडर. जुन्या इंग्रजीत कोंडणे या अर्थी 'पुंदान' असं क्रियापद होतं, त्यावरून. उत्तर इंग्लंडात पिंडर आडनाव अजून आहे, आणि वेकफील्डच्या पिंडरवर लोकगीतं रचली गेली.

हा माणूस आपल्याकडेही कायद्याने आला. १८७१ चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा, त्यात कोंडवाड्याचा राखणदार नेमायची तरतूद आहे. त्याने नोंदवही ठेवायची, जनावरांना चारापाणी द्यायचं, मालक सात दिवसांत आला नाही तर वर कळवायचं आणि मग लिलाव.

माझ्या लहानपणी आमची कपिला कोंडवाड्यात गेली होती. वडील परगावी. आई आणि मी पैसे घेऊन गेलो तर तिथे कोणी नाही, कुलूप लावलेलं, आत गुरं हंबरताहेत आणि हौद कोरडा. आईने शेजारच्या विहिरीवरून सहा कळशा पाणी आणून भिंतीवरून हौदात ओतलं. फक्त कपिलेला नाही, सगळ्यांना. कायद्यात 'चारापाणी' हा शब्द मी मोठेपणी वाचला तेव्हा तो कोरडा हौद आठवून राग आला, अजूनही येतो. ज्याने राखायचं त्याने राखलं नाही, की मुक्या जीवाला तक्रारही करता येत नाही.

सुमेधा_वाई

मास्तर, तुमच्या आईला माझा नमस्कार.

नूतन_जे

एक शंका. काउअर्ड आडनावाचे लोक इंग्लंडात आहेत. 'भित्रा' असं आडनाव कोण ठेवून घेईल? की इथेही गुराखी आहे?

जुनी_कागदपत्रं

गुराखीच आहे. 'काऊ' आणि तोच 'हुर्दे', दोन्ही मिळून काउअर्ड. तसंच काल्व्हर्ट म्हणजे वासरं राखणारा, स्टॉडर्ट म्हणजे घोड्यांचा कळप राखणारा, गॉझर्ड म्हणजे हंसबदकं राखणारा. भित्रा या अर्थाचा शब्द निराळा, जुन्या फ्रेंचमधला, आणि त्याच्या मुळाशी शेपटीचा शब्द आहे. आपण 'शेपूट घातलं' म्हणतो ना, तीच कल्पना. दोन वेगळ्या वाटांनी आलेले शब्द दिसायला सारखे झाले आणि गुराख्याच्या नावाला उगाच डाग लागला.

शेफर्ड आणि काउअर्ड यांच्यातल्या 'हुर्दे'चा दूरचा नातलग आपल्या वेदात आहे. मरुतांच्या गणाला 'शर्ध' म्हणतात, तो.

परिचारिका_मीना

मी परळच्या केईएममध्ये नोकरी केली. आयुष्यभर वॉर्ड, वॉर्डबॉय, नाइट वॉर्ड हेच शब्द तोंडात. सुमेधाताई, हा वॉर्ड म्हणजे तुमचा तो 'वेआर्द'च का?

सुमेधा_वाई

तोच, मीनाताई. राखलेली जागा म्हणजे वॉर्ड, मग ती रुग्णालयातली असो की महापालिकेची. आणि तुमच्या रुग्णालयाच्या नावातही तो आहे. किंग एडवर्ड मेमोरियल. एडवर्ड म्हणजे एआद आणि वेआर्द, भाग्य किंवा संपत्ती राखणारा. वॉर्डबॉय आणि राजा, दोघांच्या नावात एकच राखणदार.

रेल्वेतला_माणूस

मी गार्ड म्हणून निवृत्त झालो. गार्ड आणि वॉर्ड यांचा संबंध आहे असं कुठेतरी वाचलं होतं. कोणी खुलासा करेल का?

जुनी_कागदपत्रं

काका, एकच शब्द आहे. जर्मन कुळातला 'व'ने सुरू होणारा शब्द फ्रेंचमध्ये गेला तेव्हा बऱ्याच ठिकाणी त्या 'व'चा 'ग' झाला. इंग्रजीकडे घरचा वॉर्ड होता, वर फ्रेंचकडून गार्ड मिळाला. वॉर्डन आणि गार्डियन ही तशीच जोडी. फ्रिज घेताना दुकानदाराला आपण "वॉरंटी की गॅरंटी?" असं विचारतो, तिथेही हाच बदल. त्यामुळे वसतिगृहाचा वॉर्डन आणि तुम्ही, शब्दाने भाऊ आहात.

रेल्वेतला_माणूस

धन्यवाद. जानेवारी २०२२ मध्ये आमच्या पदाचं नाव बदलून ट्रेन मॅनेजर केलं. नवीन मुलांना ते आवडतं, आणि त्यांच्या भावनेचा मी आदर करतो. पण शेवटच्या डब्यातून रात्रभर मागे सुटणारे रूळ बघत, दिवा हातात धरून मी जे केलं, ते राखणंच होतं. मला गार्ड हेच नाव योग्य वाटतं.

नूतन_जे

आमच्या सोसायटीच्या वॉचमनकाकांचा शब्द राहिला. वॉच आणि वेक एकच ना?

सुमेधा_वाई

हो. जुन्या इंग्रजीत 'वॅच्चान' म्हणजे जागं राहणे. पाहणे हा अर्थ नंतरचा. वॉचमन म्हणजे आधी जागणारा. आपल्या गावगाड्यात त्याच कामाला 'जागल्या' म्हणत. दोन्ही भाषांना रात्रीच्या राखणीत न झोपणं हेच पहिलं दिसलं.

मिरामारचा_महेश

शेरीफ अजून कोणी घेतला नाही.

जुनी_कागदपत्रं

घेतो. 'येरेव्हा' म्हणजे कारभारी, आजचा रीव्ह. 'शीर' म्हणजे परगणा, शायर. परगण्यावर राजाचा कारभारी तो शीरयेरेव्हा, म्हणजे शेरीफ. मुंबईला हे पद अजून आहे, मराठीत त्याला नगरपाल म्हणतात. सुनील गावसकर १९९४ साली मुंबईचे नगरपाल होते. आता ते मानाचं पद आहे, पण मुळात कारभाऱ्याला स्वतः घोड्यावर बसून जावं लागे.

अँग्लो-सॅक्सन बखरीत ७८९ सालाजवळची एक नोंद आहे. डोर्सेटच्या किनाऱ्याला तीन परकी जहाजं लागली. तिथला राजाचा कारभारी, बेआदुहेआर्द त्याचं नाव, त्याला वाटलं व्यापारी आहेत. किनाऱ्यावर उतरलेल्यांना राजाच्या वाड्यावर नेऊन त्यांची नोंद करायची, हे त्याचं काम. तो थोडी माणसं घेऊन तिकडे गेला आणि त्यांनी त्याला ठार मारलं. इंग्लंडात आलेली उत्तरेकडच्या दर्यावर्दी लुटारूंची ही पहिली जहाजं, असं बखर म्हणते. त्यांचा पहिला बळी म्हणजे आपलं रोजचं काम करायला निघालेला एक कारभारी.

अनघा_नॉटिंगहॅम

मी इथे वृद्धांच्या निवासात काळजीवाहक म्हणून काम करते. इथे आमच्या पदात 'केअर' शब्द आहे. जुन्या इंग्रजीत 'कारू' म्हणजे दुःख, चिंता. सांभाळणे हा अर्थ नंतर आला. मराठीतही बघा, काळजी करणे आणि काळजी घेणे, शब्द एकच. एक आजी आहेत, त्र्याण्णव वर्षांच्या. रोज संध्याकाळी मला विचारतात, गोठ्याचं दार लावलंस का? त्यांच्या वडिलांकडे गाई होत्या. मी म्हणते, लावलं. मग त्या झोपतात. रजेच्या दिवशी संध्याकाळी सहा वाजले की माझ्या मनात येतं, आज त्यांना कोणी उत्तर दिलं असेल का. पगार काळजी घेण्याचा मिळतो, ही दुसरी काळजी शब्दातच आहे.

सुमेधा_वाई

अनघा, तुझ्या आजींच्या गोठ्यावरून एक गोष्ट आठवली, ती लिहून थांबते.

सातव्या शतकात, तुझ्या गावाच्या उत्तरेला व्हिटबीच्या मठात कॅडमन नावाचा एक माणूस होता. बीड नावाच्या इंग्रज मठवासी इतिहासकाराने ७३१ साली पूर्ण केलेल्या इतिहासात त्याची हकिकत आहे. जेवणानंतर वाद्य हातोहात फिरायचं आणि ज्याच्याकडे येईल त्याने गायचं, अशी रीत. कॅडमनला गाता येत नसे. वाद्य जवळ येताना दिसलं की तो उठून जायचा. एका रात्री असाच उठला आणि गोठ्यात गेला, कारण त्या रात्री गुरांची राखण त्याच्याकडे होती. तिथेच झोपला. स्वप्नात कोणी येऊन म्हणालं, कॅडमन, मला काहीतरी गाऊन दाखव. तो म्हणाला, मला येत नाही. तरी तुला गावं लागेल. काय गाऊ? सृष्टीचा आरंभ गा.

त्याने जे गायलं ते इंग्रजीतल्या आपल्यापर्यंत आलेल्या सगळ्यात जुन्या कवितांपैकी एक. नऊच ओळी. त्यात त्याने देवाला 'हेओफोनरीचेस वेआर्द' म्हटलं आहे, स्वर्गाच्या राज्याचा राखणदार. पुढे पुन्हा, 'मोनकुन्नेस वेआर्द', माणसांचा राखणदार. गुरं राखायला बसलेल्या माणसाला देवासाठी हाच शब्द सुचला.

सकाळी उठून तो आधी आपल्या वरच्या माणसाकडे गेला आणि स्वप्न सांगितलं. बीडच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात त्या माणसाला 'तूनयेरेव्हा' म्हटलं आहे, वाडीचा कारभारी. गुराख्याचं बोलणं त्याने ऐकून घेतलं आणि त्याला सोबत घेऊन तो मठाच्या प्रमुख हिल्डबाईंकडे गेला.